०, १, २०, २९ : औषधनिर्मितीतील कणगणक आणि एका मर्यादेची चिकित्सा

प्रस्तावना

इंजेक्शनची औषधे ज्या कक्षात व्हायलमध्ये भरली जातात, तेथील हवेत किती कण तरंगत आहेत हे सांगणारे यंत्र म्हणजे पार्टिकल काउंटर. प्रस्तुत लेखात त्यास कणगणक असे म्हटले आहे. तोंडावाटे घेतलेल्या गोळीला जठर, आतडे, यकृत अशा अनेक चौक्या पार कराव्या लागतात. शिरेतून दिलेल्या औषधाला यांपैकी एकही चौकी आडवी येत नाही. त्यासोबत गेलेला कण थेट रक्तप्रवाहात मिसळतो आणि आपल्या केशवाहिन्यांचा व्यास अवघा ५ ते १० मायक्रोमीटर असतो. शिवाय कण हा पुष्कळदा जंतूचे वाहन असतो. माणसाच्या त्वचेवरून सतत गळणाऱ्या सूक्ष्म खपल्या हे त्याचे नेहमीचे उदाहरण. म्हणून अशा औषधांच्या निर्मितीत कणांवर पहारा ठेवणे ओघानेच आले, आणि कणगणक हा त्या पहाऱ्यातील सर्वांत तत्पर पहारेकरी आहे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

दुमत आहे ते त्याने दिलेल्या आकड्यास आपण कोणता दर्जा देतो याविषयी. विज्ञान शाखेतून एम.एस्सी. होऊन बाहेर पडणारे आपले कितीतरी विद्यार्थी वाळूज, तारापूर किंवा गोव्यातील वेर्णा येथील औषध कारखान्यांच्या गुणवत्ता विभागात रुजू होतात. तेथे पहिल्या दिवसापासून त्यांच्यासमोर एक पडदा असतो आणि पडद्यावर दोन संख्या असतात : ०.५ मायक्रोमीटर व त्याहून मोठे कण किती, आणि ५ मायक्रोमीटर व त्याहून मोठे कण किती. संख्या मर्यादेच्या आत म्हणजे गुणवत्ता आहे, बाहेर म्हणजे नाही, असा हिशेब ते नकळत शिकतात. ही मर्यादा कोठून आली हे त्यांना कोणी सांगत नाही. आपणही सांगत नाही, कारण बहुधा आपल्यालाही ते ठाऊक नसते. मराठी विभागातील सहकारी एखाद्या पोथीचे पाठभेद ज्या पद्धतीने तपासतात, त्या पद्धतीने ५ मायक्रोमीटरच्या मर्यादेचे पाठभेद तपासण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

यंत्र काय मोजते

कणगणकातील पंप हवा आत ओढतो. ती हवा लेझरच्या झोतातून जाते. कण झोतात आला की प्रकाश विखुरतो, विखुरलेल्या प्रकाशाची चमक संवेदक टिपतो आणि तिचे विद्युत स्पंदात रूपांतर करतो. स्पंदांची संख्या ही कणांची संख्या, स्पंदाची उंची हा कणाचा आकार, अशी ही रचना आहे. ऐकताना ती सरळ वाटते. वस्तुतः विखुरलेला प्रकाश कणाच्या आकाराप्रमाणेच त्याच्या द्रव्यावर, अपवर्तनांकावर व पृष्ठभागावरही अवलंबून असतो. गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ साली याचे गणित मांडले ते गोलाकार कणांसाठी, आणि कारखान्यातील कण क्वचितच गोल असतात. यंत्राचे अंशांकन मात्र पॉलिस्टायरीनच्या एकसारख्या गोल मण्यांनी केले जाते. त्यामुळे यंत्र ‘०.५ मायक्रोमीटर’ म्हणते तेव्हा त्याचा काटेकोर अर्थ ‘त्या आकाराच्या पॉलिस्टायरीनच्या मण्याइतकी चमक देणारे काहीतरी’ एवढाच होतो. ते काहीतरी काचेचा कण आहे, कापडाचा तंतू आहे की जिवंत जिवाणू आहे, हे त्यास कळत नाही.

आणखी एक बाब पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. अशा यंत्रांच्या अंशांकनासाठी आयएसओ २१५०१-४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार यंत्राच्या किमान मोजणीक्षम आकारापाशी मोजणीची कार्यक्षमता ५० टक्के, अधिक-उणे २० टक्के, असणे अपेक्षित आहे. म्हणजे ०.५ मायक्रोमीटर ही ज्याची किमान पातळी आहे ते निर्दोष यंत्रही त्या आकाराच्या दहा कणांपैकी तीन मोजू शकते किंवा सातही मोजू शकते, आणि दोन्ही वेळा ते मानकाच्या आतच असते. यात यंत्राचा दोष नाही. उंबरठ्यावर उभ्या असलेल्याला आत धरावे की बाहेर, हा प्रश्न कोणत्याही मोजमापाला पडतोच. मात्र पडद्यावरील चार अंकी संख्या पाहून जी निश्चितता मनात उमटते, तिला हा आधार पुरेसा नाही.

एका मर्यादेचे पाठभेद

निर्जंतुक औषधांच्या निर्मितीविषयी युरोपीय संघाच्या जीएमपी मार्गदर्शिकेतील ॲनेक्स १ हा दस्तऐवज जगभर प्रमाण मानला जातो. निर्यात करणाऱ्या भारतीय कारखान्यांना तो पाठ असावाच लागतो. त्यात सर्वांत स्वच्छ जागेस, म्हणजे जेथे उघड्या व्हायलमध्ये औषध पडते त्या जागेस, ‘ए’ श्रेणी म्हणतात. या श्रेणीत एका घनमीटर हवेत ५ मायक्रोमीटर व त्याहून मोठे कण किती चालतील? १९९७ च्या आवृत्तीत उत्तर होते ०. २००३ च्या आवृत्तीत ते १ झाले. २००८ च्या आवृत्तीत, जी १ मार्च २००९ पासून लागू झाली, ते २० झाले. २२ ऑगस्ट २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या आणि २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेल्या आवृत्तीत, देखरेखीच्या तक्त्यात, ते २९ आहे. याच काळात ०.५ मायक्रोमीटरची मर्यादा मात्र ३,५०० वरून ३,५२० एवढीच सरकली.

या पंचवीस वर्षांत माणसाच्या केशवाहिन्या रुंदावलेल्या नाहीत. मग संख्या का बदलली?

शून्याचा त्याग समजण्याजोगा आहे. कशाचीही संपूर्ण अनुपस्थिती मोजून सिद्ध करता येत नाही. २००३ च्या आवृत्तीतील टीपेत हे प्रांजळपणे नमूद होते : अशा जागेत हे कण अजिबात नसावेत अशीच अपेक्षा आहे, परंतु संख्याशास्त्रीय अर्थाने तसे दाखवणे अशक्य असल्याने मर्यादा १ ठेवली आहे, असा तिचा आशय. या सर्व इतिहासात प्रस्तुत लेखिकेस हीच टीप सर्वांत प्रामाणिक वाटते. अपेक्षा काय आहे आणि मोजता काय येते, या दोन गोष्टी तिने वेगळ्या ठेवल्या होत्या. पुढील आवृत्त्यांत संख्या उरली आणि ही भेदरेषा पुसट झाली.

२० आणि २९ यांचे मूळ औषधशास्त्रात नाही, ते एका सूत्रात आहे. स्वच्छ कक्षांचे वर्गीकरण करणाऱ्या आयएसओ १४६४४-१ या मानकात प्रत्येक वर्गाची मर्यादा अशी काढतात : वर्गक्रमांकाइतका १० चा घात घ्यावा आणि त्यास, ०.१ भागिले कणाचा आकार या संख्येच्या २.०८ व्या घाताने गुणावे. वर्ग ५ साठी कणाचा आकार ०.५ घातला की उत्तर सुमारे ३,५२० येते. ५ घातला की २९ येते. वर्ग ४.८ घेतला तर साधारण २० च्या जवळपास येते, आणि २००८ च्या ॲनेक्समध्ये ए श्रेणीचा उल्लेख आयएसओ ४.८ असाच होता. लहान कण अधिक व मोठे कण कमी, हे ज्या प्रमाणात असावे असे गृहीत धरले आहे, त्या प्रमाणाची एक सरळ रेषा लॉगॅरिथमच्या आलेखावर ओढली आहे. २९ हा त्या रेषेवरील एक बिंदू आहे. रुग्णाच्या शरीरास २९ कण सोसतात आणि ३० सोसत नाहीत, असे कोणीही कधी म्हटलेले नाही.

रेषेचा उगमही पाहण्यासारखा आहे. हेपा फिल्टरमधून एका दिशेने, एकसमान वेगाने हवा सोडणारा स्वच्छ कक्ष १९६० च्या दशकाच्या आरंभी विलिस व्हिटफिल्ड यांनी अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत विकसित केला. ही प्रयोगशाळा अण्वस्त्रांच्या सुट्या भागांचे काम करणारी. १९६३ साली फेडरल स्टँडर्ड २०९ आले. पुढे त्यातील ‘क्लास १००’, म्हणजे एका घनफुटात ०.५ मायक्रोमीटरचे १०० कण, हा शब्दप्रयोग औषध उद्योगात रूढ झाला. एका घनमीटरात ३५.३ घनफूट असतात, त्यामुळे १०० चे सुमारे ३,५३० होतात आणि हेच आजच्या ३,५२० चे पूर्वज. ते मानक २९ नोव्हेंबर २००१ रोजी रद्द झाले, तरी जुने अधिकारी बोलताना अजूनही ‘क्लास हंड्रेड’च म्हणतात. शस्त्रांच्या सुट्या भागांसाठी घडलेली मोजपट्टी सलाइनच्या बाटलीला लावली गेली. ती उपयोगी पडली हे खरे, परंतु तिच्यावरील खुणा औषधासाठी आखलेल्या नव्हत्या.

यानंतरचा पाठभेद सर्वांत बोलका आहे. २०१५ साली आयएसओ १४६४४-१ ची सुधारित आवृत्ती आली आणि तिने वर्ग ५ साठी ५ मायक्रोमीटरची २९ ही मर्यादा तक्त्यातून काढून टाकली. इतक्या विरळ आणि इतक्या मोठ्या कणांचे नमुने घेताना नळीतच कण हरवतात, त्यामुळे या आकारावरून वर्गीकरण करणे उचित नाही, असे कारण तेथे दिले आहे. २०२२ च्या ॲनेक्सने वर्गीकरणाच्या तक्त्यात हे मान्य केले व ए श्रेणीपुढे ५ मायक्रोमीटरसाठी मर्यादा दिली नाही. पण दैनंदिन देखरेखीच्या तक्त्यात तोच २९ पुन्हा बसवला. ज्या घराने त्यास जन्म दिला त्याने त्यास बाहेर काढले, आणि शेजाऱ्याने ओसरीवर जागा दिली.

याचे समर्थन करता येते, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. वर्गीकरण हा कक्षाचा दाखला आहे, तर देखरेख ही रोजची नाडीपरीक्षा. नाडीपरीक्षेत एका ठोक्याला महत्त्व नसते, कल पाहायचा असतो. ॲनेक्समध्येही असेच म्हटले आहे की ५ मायक्रोमीटरची एखादी नोंद विद्युत गोंगाट, भटका प्रकाश अशा कारणांनी खोटी असू शकते, मात्र लागोपाठ किंवा नियमितपणे येणाऱ्या अल्प नोंदींची चौकशी व्हावी. हे विवेचन निर्दोष आहे. अडचण अशी की भोंगा वाजतो तो तक्त्यातील संख्येवर. विवेचन वाचून भोंगा वाजत नाही.

साधे अंकगणित

ॲनेक्सनुसार ए श्रेणीत मिनिटाला किमान २८ लिटर, म्हणजे एक घनफूट, हवा ओढणारे यंत्र लागते. या गतीने एक घनमीटर हवा तपासण्यास सुमारे ३५ मिनिटे लागतात. कारखान्यात इतका वेळ थांबून चालत नाही. सुईपाशी व्हायल अडकली तर मिनिटभरात कळायला हवे. म्हणून मिनिटागणिक वाचन घेतले जाते आणि त्यास ३५.३ ने गुणून घनमीटरचा आकडा काढण्याचा मोह होतो. आता असे समजा की एका मिनिटात ५ मायक्रोमीटरचा एक कण सापडला. एक गुणिले ३५.३ म्हणजे ३५. मर्यादा २९. म्हणजे एकच कण हा मर्यादाभंग ठरतो. शून्य आणि भंग यांच्या मधली पायरीच या पद्धतीत शिल्लक राहत नाही.

उलट बाजूही तपासावी. हवेत खरोखरच घनमीटरमागे सरासरी २९ कण असतील, तर एका मिनिटाच्या नमुन्यात सरासरी ०.८२ कण येईल. प्वासाँच्या नियमाने अशा नमुन्यात एकही कण न सापडण्याची शक्यता ४४ टक्के आहे. हवा मर्यादेच्या काठावर असूनही जवळजवळ निम्म्या वेळा पडद्यावर शून्य दिसेल. आणि हवा उत्तम असेल, समजा घनमीटरमागे अवघे ५ कण, तरी सुमारे १३ टक्के वाचनांत किमान एक कण येईल. म्हणजे दर सात-आठ मिनिटांनी एकदा भोंगा. जो भोंगा चांगल्या हवेत इतक्यांदा वाजतो, त्याकडे रात्रपाळीचा माणूस कसे पाहील हे वेगळे सांगायला नको.

यंत्र किती हवा पाहते, याचाही एक हिशेब करण्यासारखा आहे. ए श्रेणीत हवेचा वेग ०.३६ ते ०.५४ मीटर प्रति सेकंद असावा असे मार्गदर्शन आहे. ०.४५ धरला, तर एक चौरस मीटर क्षेत्रातून मिनिटाला २७ घनमीटर हवा खाली वाहते. यंत्र त्यातील ०.०२८ घनमीटर ओढते, म्हणजे साधारण हजारातील एक भाग. म्हणून नमुना कोठे घ्यायचा हाच खरा प्रश्न ठरतो. अमेरिकेच्या एफडीएच्या २००४ च्या मार्गदर्शिकेत कामाच्या जागेपासून एक फुटापेक्षा दूर जाऊ नये असे म्हटले आहे ते यासाठीच. संख्येची मर्यादा सर्वांना तोंडपाठ असते, परंतु तपासनीची मूठ नक्की कोठे आहे हे विचारणारा क्वचितच भेटतो.

द्रवातील कण

हवेप्रमाणे तयार औषधातील कणही मोजले जातात. तेथे प्रकाश विखुरण्याऐवजी अडवला जातो व सावलीवरून आकार ठरतो. अमेरिकन फार्माकोपियाच्या ७८८ क्रमांकाच्या प्रकरणानुसार १०० मिलिलिटरपर्यंतच्या व्हायलमध्ये १० मायक्रोमीटर व त्याहून मोठे कण सरासरी ६,००० पर्यंत आणि २५ मायक्रोमीटर व त्याहून मोठे ६०० पर्यंत चालतात. सूक्ष्मदर्शकाने मोजले तर हीच मर्यादा ३,००० आणि ३०० होते. पद्धत बदलली की मर्यादा निम्मी, हे वाचून विद्यार्थी बुचकळ्यात पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली हवेचा बुडबुडा आणि सिलिकॉन तेलाचा थेंब दिसत नाहीत, यंत्राला मात्र ते कणच वाटतात. याउलट प्रथिनांचे पारदर्शक पुंजके यंत्राला धड दिसत नाहीत, कारण त्यांचा अपवर्तनांक द्रावणाच्या जवळचा असतो. म्हणजे जे धोक्याचे नाही ते मोजले जाते आणि ज्यामुळे प्रतिकारशक्ती चवताळू शकते ते निसटते. येथे यंत्रापेक्षा मोजणाऱ्याचा हात महत्त्वाचा : बाटली किती हलवली, किती वेळ स्थिर ठेवली, पहिला भाग टाकून दिला की नाही.

नजरेबाहेरचे

२०१२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर या संस्थेने बनवलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोनच्या इंजेक्शनांतून बुरशी रुग्णांच्या मणक्यापर्यंत पोचली. सीडीसीच्या नोंदींनुसार ७५३ जण आजारी पडले आणि ६४ मृत्यू झाले. हे औषध निलंबन स्वरूपाचे, म्हणजे औषधच कणरूप. त्यामुळे द्रवातील कण मोजणाऱ्या यंत्राला येथे सांगण्यासारखे काही नव्हते. एफडीएच्या तपासणीत एका लॉटच्या ३२१ व्हायलपैकी ८३ मध्ये हिरवट काळा पदार्थ आणि १७ मध्ये पांढरे तंतू नुसत्या डोळ्यांना दिसले. त्याहून गंभीर बाब अशी की जानेवारी ते सप्टेंबर २०१२ या काळात संस्थेच्या स्वतःच्याच नोंदींत स्वच्छ कक्षातील जिवाणू व बुरशी कारवाईच्या पातळीला पोचल्याचे वारंवार नमूद होते आणि त्यावर चौकशी केल्याची नोंद नव्हती. कक्षाची वातानुकूलन यंत्रणा रात्री बंद ठेवली जात होती. या नोंदी जंतूंच्या तबकड्यांच्या होत्या, कणगणकाच्या नव्हत्या. पण कणगणक असता तर काय बदलले असते? आकडा तेथेही होताच. तो वाचून काम थांबवण्याची मुभा व इच्छा असलेला माणूस तेथे नव्हता.

आपल्याकडील उदाहरण वेगळ्या अंगाने बोलके आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरीन दिले गेल्याने चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. ते विष ग्लिसरीनमध्ये पूर्ण विरघळलेले होते. जगातील उत्तमातील उत्तम कणगणकाने त्या द्रवाला स्वच्छ म्हटले असते.

शून्याची प्रतिष्ठा

२८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने भारतातील शेड्यूल एम सुधारण्यात आले आणि लघु व मध्यम उद्योगांना दिलेली मुदतवाढ ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतची होती. म्हणजे ज्यांनी आजवर कणगणक भाड्याने आणून वर्षातून एकदोनदा मोजणी केली, त्यांच्याकडेही आता पडदा लागणार आहे आणि आपले विद्यार्थी त्यासमोर बसणार आहेत. म्हणून एक अनुभव येथे नोंदवते.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसह एका कारखान्यास शैक्षणिक भेट दिली होती. काचेपलीकडील भरणी विभाग दाखवताना अधिकाऱ्यांनी अभिमानाने पडद्याकडे बोट केले. ५ मायक्रोमीटरच्या रकान्यात सलग शून्ये होती. नमुन्याची नळी तीनचार मीटर लांब होती व दोन ठिकाणी काटकोनात वळलेली होती. ५ मायक्रोमीटरचा कण स्थिर हवेत सेकंदाला साधारण पाऊण मिलिमीटर खाली बसतो, ०.५ मायक्रोमीटरचा त्याच्या ऐंशी पटींनी हळू. वळणावर हवा वळते, जड कण सरळ जाऊन भिंतीस चिकटतो. २०२२ च्या ॲनेक्समध्ये नळी सर्वसाधारणपणे एक मीटरहून लांब नसावी आणि वळणाची त्रिज्या १५ सेंटिमीटरहून अधिक असावी असे म्हटले आहे ते याच भौतिकशास्त्रामुळे. ती शून्ये हवेची होती की नळीची, असे मी विचारले. अधिकारी हसले. परतीच्या बसमध्ये विषय निघाला तेव्हा तेथेच नोकरीस असलेला माझा एक माजी विद्यार्थी, जो आम्हास सोडायला फाटकापर्यंत आला होता, त्याचे वाक्य आठवले : “मॅडम, शून्य आलं की कोणी काही विचारत नाही.”

पुढे त्याने वरिष्ठांकडे पाठपुरावा करून नळी एक मीटरच्या आत आणवली. त्यानंतरच्या आठवड्यात ५ मायक्रोमीटरच्या रकान्यात अधूनमधून एक कण दिसू लागला. मिनिटाचे वाचन, गुणिले ३५.३. दरवेळी मर्यादाभंग, दरवेळी कागद. हवा पूर्वीचीच होती, फक्त आता ती मोजली जात होती. त्याच्याकडे लेखी खुलासा मागण्यात आला. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, आणि वर दिलेले प्वासाँचे गणित आम्ही त्या खुलाशासाठीच प्रथम मांडले.